मक्याचा वाण निवडताना काढणीपासून मागे मोजा

मक्याचं बियाणं घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकरी किती क्विंटल पडतो? दुकानदार एक आकडा सांगतो, शेजारच्या गावातल्या कुणाचं तरी उदाहरण देतो आणि आपण दोन पिशव्या घेऊन घरी येतो. पुढे ऑक्टोबरात मका वाळत उभा असतो, वरून पाऊस चालू असतो, कांद्याची रोपं लागणीला आलेली असतात आणि रान काही मोकळं होत नाही. आपण काय विचारायला हवं होतं, ते तेव्हा कळतं. म्हणून वाणाचा हिशेब काढणीकडून पेरणीकडे करावा. माल कुणाला द्यायचा, रान कधी मोकळं हवं, त्या दिवसांत आभाळ कसं असतं, हे आधी ठरवायचं. उत्पादनाचा आकडा त्यानंतर बघायचा, आणि तोही आपल्याच रानात तपासून घ्यायचा.

हे सगळं नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, धुळे, अहिल्यानगर या पट्ट्यातला खरीप मका डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. रब्बीला आणि चाऱ्याला काय बदलतं, ते त्या त्या ठिकाणी येईल.

माल कुठे जाणार?

आपल्याकडचा बहुतेक मका तीन ठिकाणी जातो: पोल्ट्रीचं खाद्य, स्टार्चचे कारखाने आणि अलीकडे इथेनॉल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा घातली आणि मक्याला हे तिसरं गिऱ्हाईक जोरात मिळालं. पोल्ट्रीवाल्याला गर्द नारिंगी-पिवळा, टणक दाणा आवडतो, कारण अंड्याच्या बलकाला रंग त्यातून येतो. स्टार्चला आणि इथेनॉलला रंगाचं तेवढं अगत्य नाही. तिथे वजन, ओल आणि बुरशी बघतात. डोक्याला खळगा पडणारा मऊ दाणा भरतो चांगला, पण घरात साठवला तर त्याला सोंडा किडा लवकर लागतो. दिवाळीला विकून मोकळं व्हायचं असेल तर ही अडचण नाही. भावासाठी माल चार महिने ठेवायचा असेल तर टणक दाण्याचा वाण बघा.

हमीभावाच्या खरेदीत ओल १४ टक्क्यांपर्यंतच चालते. २०२५-२६ च्या खरिपासाठी हा भाव क्विंटलला २,४०० रुपये आहे. बाजार समितीत व्यापारी ओलीचा मका घेतो, पण ओलीमागे भाव कापतो. म्हणजे तयार झाल्यावर ज्याचा दाणा झपाट्याने वाळतो, तो वाण एखादा क्विंटल कमी पडला तरी हातात जास्त पैसे देऊ शकतो. याचं गणित पुढे करून दाखवतो.

गोठा असेल तर विचार बदलतो. नुसत्या हिरव्या चाऱ्यासाठी ‘आफ्रिकन टॉल’ अजूनही उत्तम: उंच, पालेदार, भरपूर हिरवा माल देणारा. मुरघासाला, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याला, मात्र नुसता पाला पुरत नाही. त्यातली ताकद कणसातून येते, म्हणून मुरघासासाठी कणीस चांगलं भरणारा वाण घ्या. दाण्यात चीक आणि घट्ट भाग निम्मे-निम्मे दिसले की कापणी करा. त्या वेळी झाडात साधारण ६५ ते ७० टक्के पाणी असतं. ज्यांना दाणाही विकायचा आहे आणि जनावरंही पाळायची आहेत, त्यांनी कणीस वाळलं तरी ताट आणि वरची पानं हिरवी राहणारे संकरित वाण शोधावेत. दुकानात ‘स्टे-ग्रीन’ म्हणून सांगतात ते हेच.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात, पांढरा गावरान मका घरी भाकरीसाठी पिकतो. तिथे चव, पिठाचा गुण आणि साठवण या गोष्टी क्विंटलच्या आधी येतात. विक्रीसाठी पिवळा संकरित जरूर लावा, पण खाण्याच्या मक्याचं घरचं बियाणं त्यापायी सोडू नका. ते एकदा गेलं की दुकानात मिळत नाही.

रान कधी मोकळं हवं?

येवला-वैजापूरकडचं उदाहरण घेऊ. २० जूनला पेरणी झाली. ९५ दिवसांचा वाण २३ सप्टेंबरच्या आसपास पक्व होतो, ११० दिवसांचा ८ ऑक्टोबरच्या आसपास. पक्व झाला म्हणजे काढायला आला असं नाही. दाण्याच्या टोकाशी काळा ठिपका दिसतो तेव्हा दाण्यात अजून ३० टक्क्यांच्या आसपास ओल असते. काढणी-मळणीपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे धरा. मागे रांगडा, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लागणीला येणारा, कांदा असेल तर ११० दिवसांचा वाण तिथे बसतच नाही. हरभरा किंवा गहू असेल तर बसतो, थोडी घाई होते. मागे काहीच नसेल तर उशिराचा वाण घ्यायला हरकत नाही, कारण जास्त दिवस उभा राहणारा वाण साधारणपणे जास्त पिकतो.

आता आभाळाकडे बघा. आपल्याकडून मॉन्सून माघारी जातो तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास, आणि जाताना तडाखा देऊन जातो. लवकरचा वाण नेमका या पावसात वाळत असतो. उशिराचा वाण कधी त्यातून सुटतो, तर कधी २०१९ सारखा ऑक्टोबरअखेरचा पाऊस त्यालाही गाठतो. त्या वर्षी उभ्या मक्याच्या कणसावरच कोंब फुटलेले आपण पाहिले आहेत. त्यामुळे नुसते दिवस मोजून भागत नाही. कणसाचं टोक पाल्याने पूर्ण झाकलेलं आहे का आणि कणीस वाळल्यावर खाली झुकतं का, या दोन गोष्टी आपल्या पट्ट्यात उत्पादनाइतक्याच मोलाच्या आहेत. झुकलेल्या, टोक झाकलेल्या कणसावरून पाणी निथळून जातं. ताठ उभ्या, उघड्या टोकाच्या कणसात ते आत उतरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बुरशीचा मका पोल्ट्रीवाला घेत नाही आणि तो घरच्या जनावरांनाही घालू नये.

रब्बीत हेच दिवस लांबतात. खरिपात शंभर दिवसांत येणारा वाण थंडीत १२० दिवस आणि त्याहून जास्तही घेतो. पिशवीवर किंवा पत्रकावर लिहिलेले दिवस कोणत्या हंगामाचे आहेत, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जमीन आणि पाणी

मक्याचा नाजूक काळ तुरा येण्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन आठवडे. पाण्याचा ताण पडला की तुरा वेळेवर येतो, पण कणसाचे केस मागे राहतात. केस बाहेर येईपर्यंत पराग झडून गेलेला असतो आणि कणसात दाण्यांच्या जागा मोकळ्या राहतात. ताणातही केस तुऱ्याच्या मागोमाग येतात का, ही गोष्ट वाणावाणात फार बदलते. मुरमाड, हलक्या रानात आणि विहिरीचा भरवसा नसेल तिथे लवकर येणारा वाण घ्या आणि तो मागच्या कमी पावसाच्या वर्षी कसा भरला, ते शेजाऱ्यांना विचारा. चांगल्या पावसाच्या वर्षाचा आकडा तिथे उपयोगाचा नाही.

भारी काळ्या जमिनीत उलटी अडचण असते. रोप गुडघ्याएवढं होईपर्यंत पाणी साचलं तर ते पिवळं पडून खुंटतं, आणि यातून वाचवणारा वाण कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. तिथे आधी चर काढा, सरीवर किंवा रुंद वरंब्यावर पेरा, मग वाणाचं बघा.

रब्बीला पाटाचं किंवा विहिरीचं पाणी खात्रीचं असेल तर उशिराचे, जोमाचे संकरित वाण आपलं खरं उत्पादन देतात. पण थंड हवेत पानावर लांबट करपा आणि तांबेरा येतो, म्हणून रब्बीसाठी या दोन रोगांना सहनशील वाणच घ्या. फुलोऱ्यानंतर पाणी तुटलं तर बुडाजवळ ताट आतून काळं पडून कोसळतं. ही खोडकूज एकदा आली की काढणी यंत्रही त्या रानात नीट चालत नाही.

संकरित की संमिश्र?

भारतात मक्याचा समन्वित संशोधन प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला. १९६१ मध्ये गंगा, रणजित, डेक्कन ही पहिली संकरित नावं आली आणि १९६७ मध्ये विजय, किसान, अंबर असे संमिश्र वाण, म्हणजे अनेक ओळी एकत्र करून मोकळ्या परागावर वाढवलेले. आज दुकानात जे दिसतं ते बहुतेक एकेरी संकरित असतं, म्हणजे दोन शुद्ध ओळींचा थेट संकर. सगळी झाडं एका उंचीची, कणसं एका पातळीला, उत्पादन जास्त. त्याचं बियाणं मात्र दरवर्षी नवीन घ्यावं लागतं. घरचं ठेवून पेरलं तर पुढच्या पिकात झाडं उंच-ठेंगणी निघतात आणि उत्पादन घटतं.

संमिश्र वाणाचं बियाणं घरी ठेवता येतं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मांजरी, करवीर आणि लवकर येणारा पंचगंगा हे त्यातले ओळखीचे. त्याच विद्यापीठाचे राजर्षी आणि फुले महर्षी हे संकरित आहेत. पाणी बेभरवशाचं, खतावर खर्च कमी आणि रान थोडं असेल तर संमिश्र वाण घेण्यात काही कमीपणा नाही. बियाणं ठेवताना दुसऱ्या मक्यापासून किमान २०० मीटर अंतर पाळा, रानाच्या मध्यभागातली निरोगी, न लोळलेली झाडं उभ्या पिकातच खुणा करून ठेवा आणि कणसं शंभराहून जास्त झाडांवरून घ्या. मोजक्याच कणसांचं बियाणं ठेवलं तर दोन-तीन पिढ्यांत जोम जातो. कणसाच्या टोकाचे आणि बुडाचे दाणे बाजूला काढून मधले तेवढे ठेवा.

मधुमका लावणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शेजारच्या साध्या मक्याचा पराग त्याच्या केसांवर पडला की तेच दाणे पिठूळ होतात. अंतर ठेवा, नाहीतर पेरणी इतकी मागेपुढे करा की दोघांचा फुलोरा एका वेळी येणार नाही. प्रथिनयुक्त मक्यातही बाहेरचा पराग गुण घटवतो. साध्या पिवळ्या दाण्याच्या मक्याला शेजाऱ्याच्या परागाची चिंता नाही.

आणखी एक. ‘या वाणावर लष्करी अळी येत नाही’ असं कुणी सांगितलं तर ती पिशवी खाली ठेवा. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली, त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली, आणि आज बाजारातल्या कोणत्याही मक्याला ती पूर्ण सोडत नाही. जनुकीय बदल केलेल्या मक्याला भारतात लागवडीची परवानगी नाही. काही बियाण्यांना अळीसाठी कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. ती सुरुवातीचे काही आठवडे उपयोगी पडते, पुढे पोंग्यावर, म्हणजे झाडाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांवर, नजर आपल्यालाच ठेवावी लागते.

उभं पीक दोनदा बघा

कंपनीचा पीक पाहणी कार्यक्रम असतो तेव्हा गावातलं सगळ्यात देखणं रान दाखवतात. तिथे जा, पण त्याच वाणाची आणखी दोन साधी रानं शोधा. एकदा फुलोऱ्यात जा आणि एकदा काढणीच्या आठवड्यात. बांधावरून बघू नका. दहा-पंधरा ओळी आत शिरा, कारण बांधाकडच्या झाडांना ऊन आणि खत जास्त मिळतं.

काढणीला गेलात की ओळीने सलग दहा कणसं सोला, निवडून नको. टोकाला किती बोटं मोकळं आहे ते बघा. एक बोट चालतं. तीन बोटं मोकळं असेल तर तो वाण त्या रानाला झेपलेला नाही. कणसाच्या मधला एक दाणा काढून बुडाचं टोक नखाने खरवडा. काळा थर दिसला तर पक्व, नाही तर अजून दिवस आहेत. मग पेरणीची तारीख विचारा, म्हणजे वाणाचे खरे दिवस कळतील. बुडाजवळ ताट दोन बोटांनी दाबा. मऊ लागलं तर आत कूज आहे. किती झाडं लोळली आणि कणीस जमिनीपासून किती उंचीवर आहे, तेही बघा. फार वर कणीस असलेलं झाड वाऱ्यात आधी पडतं. आणि सोलणाऱ्या बायांना विचारायला विसरू नका. पाला सुटायला अवघड असलेल्या वाणाला मजुरी जास्त लागते, आणि ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

तिथेच उत्पादनाचा अंदाजही काढता येतो. ओळींत ७५ सेंटिमीटर अंतर असेल तर ५.४ मीटर लांबीची एक ओळ म्हणजे एकराचा हजारावा भाग. तेवढ्या लांबीत भरलेली कणसं मोजा. समजा २४ निघाली. कणसावर १४ ओळी आणि ओळीत ३२ दाणे, म्हणजे ४४८ दाणे. हजार दाण्यांचं वजन २८० ग्रॅम धरलं तर एका कणसात सव्वाशे ग्रॅम दाणा. एकरी २४ हजार कणसं म्हणजे ३० क्विंटल. एका ओळीवर विसंबू नका. रानात चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. ‘एकरी ४५’ असं सांगणाऱ्याला ते खरिपातले की रब्बीतले, ओल किती असताना आणि पाणी किती देऊन, हे तीन प्रश्न विचारा.

घरच्या रानात चाचणी

इतकं सगळं बघूनही नवीन वाण पहिल्या वर्षी सगळ्या रानात लावू नका. चार एकर असेल तर तीन एकरांत आपला सरावाचा वाण आणि एका एकरात चाचणी. दोन किंवा तीन नवे वाण घ्या आणि त्यांच्या शेजारी आपला जुनाही लावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? प्रत्येकाच्या सहा ओळी, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पेरणी एकाच दिवशी, अंतर एकच, खत एकच. मध्यम आणि उशिराच्या वाणांना ७५ बाय २० सेंटिमीटर आणि लवकरच्यांना ६० बाय २० अशी शिफारस आहे. चाचणीत दोन्ही प्रकार असतील तर प्रत्येकाला त्याचं अंतर द्या आणि हिशेब क्षेत्रावर करा. रानात एका बाजूला जमीन हलकी असेल तर हाच संच दुसऱ्या बाजूलाही एकदा लावा.

काढताना सहापैकी मधल्या चारच ओळींचं वजन घ्या. कडेच्या ओळींवर शेजारच्या उंच वाणाची सावली पडलेली असते. कणसांचं वजन धरू नका. काही वाणांचा गाभा जाड असतो. दाणे काढून वजन करा आणि व्यापाऱ्याकडच्या यंत्रावर ओल मोजून घ्या. मग वजन १४ टक्के ओलीवर आणायचं: शंभरातून ओल वजा करा, त्याने वजनाला गुणा आणि ८६ ने भागा. एका वाणाचा काटा ३० क्विंटल आणि ओल २२ टक्के, दुसऱ्याचा काटा २८ आणि ओल १५ टक्के असं समजू. पहिला होतो २७.२ आणि दुसरा २७.७. काट्यावर दोन क्विंटलने मागे असलेला वाण प्रत्यक्षात अर्ध्या क्विंटलने पुढे निघाला, आणि वाळवणीचा त्रास वाचला तो वेगळाच.

गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर हे काम वाटून घ्यावं. मालावी-झिंबाब्वेकडे मक्याच्या वाणांसाठी ‘आई आणि बाळं’ नावाची पद्धत वापरली गेली: गावात एका ठिकाणी सगळ्या वाणांचा मोठा प्लॉट, ती आई, आणि प्रत्येक शेतकरी त्यातले तीन-चार वाण घेऊन आपल्या रानात, आपल्या पद्धतीने लावतो, ती बाळं. मोठ्या प्लॉटवर वाणाची ताकद कळते आणि छोट्या प्लॉटवर तो साध्या सांभाळावर किती टिकतो ते कळतं. एका गावात दहा घरांनी हे केलं तर दोन हंगामांत दुकानदाराला विचारायचं काही उरत नाही. एका चांगल्या हंगामावरून मात्र निर्णय घेऊ नका. किमान दोन हंगाम बघा.

पिशवी घेताना

निळी खूणचिठ्ठी प्रमाणित बियाण्याची, हिरवी सत्यतादर्शक, म्हणजे उत्पादकाने स्वतः हमी दिलेल्या, बियाण्याची. खासगी संकरित बियाणं बहुतेक हिरव्या चिठ्ठीचं असतं आणि त्यात गैर काही नाही. लॉट क्रमांक, उगवणक्षमता, तपासणीची तारीख आणि वापराची मुदत वाचा. पिशवीवर ‘साथी’चा, म्हणजे बियाणं कुठून आलं ते दाखवणाऱ्या सरकारी व्यवस्थेचा, क्यूआर कोड असेल तर मोबाइलवर बघून घ्या. पक्कं बिल घ्या आणि त्यावर वाणाचं नाव आणि लॉट क्रमांक लिहिलाच पाहिजे असा आग्रह धरा. दुकानदाराने हवा तो वाण संपला म्हणून ‘तसाच दुसरा’ पुढे केला, तर पुन्हा पहिल्यापासून विचारा: किती दिवसांचा, कोणत्या हंगामाचा, टोक झाकतो का.

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट ओलं राखा आणि सातव्या दिवशी मोजा. चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा उगवण बरीच कमी दिसली तर ते बियाणं पेरायच्या आधीच दुकानदाराला दाखवा. रंगवलेलं बियाणं विषारी असतं. हातमोजे घाला आणि उरलेले दाणे कोंबड्यांना टाकू नका.

पेरल्यावर रिकामी पिशवी, चिठ्ठी, बिल आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवण कमी झाली किंवा वाण भलताच निघाला तर रान मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तालुकास्तरावर बियाणं तक्रार निवारण समिती असते, ती रानात येऊन पंचनामा करते. दुबार पेरणीची घाई कितीही असली तरी पंचनामा होईपर्यंत निदान काही ओळी तशाच उभ्या ठेवा, आणि तारखेसह फोटो काढून ठेवा.